गाडी कुणाच्या नावावर आहे?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा सहज फेरी मारा. ॲक्टिव्हा, स्प्लेंडर, पल्सर, कोपऱ्यात कुणाची तरी जुनी ऑल्टो. आता चावी फिरवत येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "आरसी कुणाच्या नावावर आहे रे?" उत्तरं ठरलेली. बाबांच्या. मामाच्या. दादाच्या, पण तो आता बंगळुरूला असतो. ज्याच्याकडून घेतली त्याच्याच, ट्रान्सफर करायचीय, परीक्षा झाली की बघू.

आपल्याकडे गाडी अशीच फिरते. दादाला नोकरी लागली की त्याची बाईक धाकट्याकडे येते, काकांनी नवी कार घेतली की जुनी पुतण्याला मिळते, हॉस्टेलवर तर एका स्कूटरला पाच चालक असतात आणि पेट्रोल कुणी भरायचं यावरून रोज भांडण. यात वावगं काही नाही. चारजणांत एक गाडी वापरणं हे चौघांनी चार गाड्या घेण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं. पण कायद्याला आणि विमा कंपनीला हे घरगुती हिशेब कळत नाहीत. त्यांना दोनच नावं दिसतात, एक आरसीवरचं आणि एक पॉलिसीवरचं. गाडी प्रत्यक्षात कोण चालवतं, पैसे कुणी मोजले, चावी कुणाच्या खिशात असते, हे सगळं नंतर. आणि हे 'नंतर' बहुतेक वेळा अपघातानंतरच येतं.

सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल यासाठी माहीत असायला हवा. मे २००९ मध्ये रिव्हर्समध्ये येणाऱ्या एका मोटारीखाली रस्त्याने चाललेला एकजण दगावला, सोबतची नातेवाईक बाई जखमी झाली. ज्याच्या नावावर ती मोटार होती, त्याने ती २००७ मध्येच विकली होती. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्यानेही पुढे. गाडी हातोहात फिरली, आरसीवरचं नाव मात्र जागचं हललं नाही. भरपाई कुणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी कुणी कुणाला कधी विकली याचा माग काढत बसणं हे ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काम नव्हे. युक्तिवाद म्हणून हे पटण्यासारखंच आहे. पण गाडी विकून दोन वर्षं झालेल्या त्या पहिल्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा, म्हणजे 'परीक्षा झाली की बघू'चा अर्थ लागेल.

गाडी विकताना होतं काय? ओएलएक्सवर फोटो टाकला, गिऱ्हाईक आलं, घासाघीस झाली, पैसे यूपीआयने आले. एजंट म्हणतो, "टीटी फॉर्मवर सह्या करून ठेवा, बाकी आम्ही बघतो." टीटी फॉर्म म्हणजे नमुना २९ आणि ३०. तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं, खाली तुमची सही. ते कागद मग एजंटच्या ड्रॉवरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतात, कारण पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्याला ट्रान्सफरची फी दोनदा भरायची नसते. कायद्यात मुदत स्पष्ट आहे. त्याच राज्यात विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. परिवहन पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरता येतो. एप्रिल २०२३ पासून अधिकृत परवाना असलेल्या जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी दिली, तर तशी नोंद पोर्टलवर करून त्या काळातली जबाबदारी डीलरवर टाकण्याची सोयही झाली आहे. म्हणजे विकणाऱ्याने विचारायचा प्रश्न एकच, "तुमच्याकडे आरटीओचं अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का?" यावर समोरचा हसला, तर समजून जा. आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. बँकेच्या कोऱ्या चेकवर करता का?

आता दुसरी बाजू. चार मित्र मिळून वर्गणी काढतात आणि लाखभराची जुनी ऑल्टो घेतात. कोकणात जायला, लग्नांना, रात्री चहाला. गाडी एकाच्याच नावावर होणार हे ओघानेच आलं, आणि ज्याच्या नावावर, त्याच्याच डोक्यावर उरलेल्या तिघांची प्रत्येक रात्र. त्याने घरी झोपलेलं असावं, गाडी दुसऱ्याने ठोकावी, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस याच्या नावाने यावी. विमा चालू असेल तर कंपनी भरपाई देते. अपघातात कुणी दगावलं किंवा जखमी झालं, तर थर्ड पार्टी विम्यात त्या भरपाईला कमाल मर्यादाच नाही, ही आपल्या कायद्यातली मोठी चांगली गोष्ट. पण विमा संपलेला असेल तर ती रक्कम मालकाने द्यायची. ती दिली नाही, तर न्यायाधिकरणाच्या दाखल्यावर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. गाडी बाबांच्या नावावर असेल तर ही वसुली कुणाकडून, हेही नको.

"पण माझ्या गाडीला पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे." हे वाक्य हमखास ऐकू येतं. आहे, पण कसला? १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवी कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने हे आलं, कारण पहिल्या वर्षानंतर लोक विमा भरतच नव्हते. मात्र त्यासोबत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा विमा बहुतेकांनी एकाच वर्षाचा घेतलेला असतो. दुसऱ्या वर्षापासून गाडी चोरीला गेली, पाण्यात वाहून गेली, खांबाला आपटली, तर कंपनीकडून दमडीही नाही. आणि पाच वर्षं संपली की काय? शोरूमवाला आठवण करून देत नाही, घरात कुणाच्या लक्षात नसतं. जी स्कूटर आज पाच-सहा वर्षांची होऊन दुसऱ्या हातात जाते आहे, तिचा विमा नेमका याच टप्प्यावर संपतो. विकणाऱ्याला पुढचा हप्ता भरायचा नसतो, घेणाऱ्याला वाटतं कागदांत असेल. म्हणून जुनी दुचाकी घेताना टायरच्या आधी पॉलिसीची तारीख बघा.

खर्चाचं म्हणाल, तर १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, कर वेगळा. म्हणजे दिवसाला दोन रुपये. कटिंगसुद्धा येत नाही तेवढ्यात. एक हजार सीसीच्या आतल्या कारचा २,०९४. विना विमा पकडले गेलात तर पहिल्यांदा दोन हजार दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा चार हजार. तरीही आपण सातशे रुपये वाचवतो आणि हॅन्डलला तीनशेचा मोबाइल होल्डर लावतो.

यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा म्हणजे मागे बसणारा. आपलं अर्धं कॉलेज आयुष्य कुणाच्या तरी मागे डबलसीट बसून जातं. थर्ड पार्टी म्हणजे आपण सोडून बाकी सगळे, असं सरळ वाटतं, मग मागे बसलेली मैत्रीण थर्ड पार्टीच की. नाही. फक्त थर्ड पार्टीचा, कायद्याने सक्तीचा तेवढाच विमा असेल, तर फुकट बसून जाणारा पिलियन रायडर त्यात आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच स्पष्ट केलं. ओन डॅमेजसह असलेल्या पॅकेज पॉलिसीत तो येतो, आणि कारमध्ये बसलेल्यांचंही तसंच, हे विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना बजावून सांगितलं. म्हणजे 'गाडी जुनी झाली, आता फुल इन्शुरन्स कशाला' असं घरात ठरतं, तेव्हा मागच्या सीटवरचं संरक्षणही त्याच वाक्यात जातं. गाडीची किंमत घटली हे खरं. मागे बसणाऱ्याची घटली का?

चालवणाऱ्याचं काय? पॉलिसीत 'ओनर-ड्रायव्हर'साठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं, त्याचा हप्ता वेगळा लावलेला असतो. नाव नीट वाचा. ओनर आणि ड्रायव्हर. त्यासाठीच्या अटी अशा, की तो माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक असला पाहिजे, पॉलिसी त्याच्या नावावर असली पाहिजे आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असलं पाहिजे. बाबांच्या नावावरच्या बाईकवरून तुम्ही पडलात, तर या अटींत तुम्ही बसत नाही. वर्षानुवर्षं हप्ता भरला जातोय तो बाबांसाठी, जे बसने ऑफिसला जातात. यावर उपाय आहे. थोडा जादा हप्ता भरून दुसऱ्या व्यक्तीचं नाव घालून अपघात कव्हर घेता येतं, किंवा स्वतःचा वेगळा अपघात विमा काढता येतो. पण त्यासाठी पॉलिसी रिन्यू करताना 'पे नाऊ' दाबण्याआधी दोन मिनिटं थांबावं लागतं, एवढंच.

मागून आणलेल्या गाडीची गोष्ट तर आणखी अवघड. कर्नाटकात इलकलहून, आपल्या इरकली लुगड्यांच्या इलकलहून, एकजण दुसऱ्याची बाईक मागून घेऊन गावी निघाला होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली, बाईक तिच्यावर आदळली, तो गेला. घरच्यांनी बाईकच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली, तीही चूक कुणाची हे सिद्ध करावं न लागणाऱ्या कलमाखाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गाडी मागून घेतली की चालवणारा मालकाच्या जागी येतो. तो तिऱ्हाईत राहत नाही, त्यामुळे त्या कलमाखाली त्याच्या घरच्यांना भरपाई मागता येणार नाही. दुसऱ्या कलमाखाली काही मिळतं का, ते बघण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेलं. मूळ तत्त्व २०२० मध्ये पुन्हा अधोरेखित झालं. 'भावा, जरा चावी दे ना' यात इतकं काही दडलेलं असतं हे कुणाच्या मनातही येत नाही, आणि कँटीनच्या टेबलावर येण्याची जागाही ती नव्हे. पण चावी देणाऱ्याने निदान लायसन्स आहे का, एवढं विचारायला हरकत नाही. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर चालवणाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड आणि देणाऱ्यालाही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि तीच रक्कम नंतर मालकाकडून वसूल करू शकते. मैत्रीत संकोच वाटतो, मान्य. कुणी विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका, म्हणजे झालं.

अकरावी-बारावीच्या वाचकांसाठी एक वेगळी ओळ. १८ पूर्ण नसताना चालवलेल्या गाडीने गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि चालवणाऱ्याला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. क्लासला उशीर होतो हे कारण न्यायालयात चालत नाही.

गोव्याला जायचं ठरतंय ना? तिथे भाड्याच्या बाईकला काळी पाटी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. बीचजवळ कुणीतरी शंभर रुपये कमी सांगतो आणि पांढऱ्या पाटीची स्कूटर देतो, ती त्याची घरची असते. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने दिलेल्या गाडीला चालत नाही. तसं पॉलिसीत छापलेलंच असतं. शंभर रुपयांत तुम्ही काय विकत घेतलंत, ते रस्त्यावर काही झालं तरच कळतं.

मग जुनी गाडी घ्यायचीच नाही का? जरूर घ्या. शिकायला, हात बसवायला, पहिल्या पगारात परवडायला जुन्या गाडीसारखं काही नाही. फक्त यूट्यूबवरचे 'टॉप टेन टिप्स' बघून बॉनेट उघडून उभं राहण्यापेक्षा ओळखीच्या मेकॅनिकला पाचशे रुपये देऊन सोबत न्या. सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गाडी सुरू करून गरम ठेवली असेल, तर का, ते विचारा. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवता येतात, पण घासलेलं ब्रेक पॅडल आणि गुळगुळीत झालेलं स्टीअरिंग मागे फिरवता येत नाही. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि टायर तिसऱ्यांदा बदललेले, असं गणित असेल तर चहा पिऊन निघा. कार असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. दुकानदार सीट कव्हर बदलतो, कार्पेट धुतो, सुगंधी डबी ठेवतो, पण बेल्टच्या आत गुंडाळलेल्या भागावरचा चिखलाचा डाग त्याच्या लक्षात राहत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, ते आपण टीव्हीवर पाहिलंय. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ती टोटल लॉस धरते. अशा गाड्या मोडीतच जातात असं नाही, त्यातल्या काही लिलावातून, रंगरंगोटी होऊन, दुसऱ्या शहरात विकायला उभ्या राहतात.

त्या गाडीवर कर्ज आहे का ते आरसीवरच्या हायपोथिकेशनच्या नोंदीवरून कळतं. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि नमुना ३५ हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ई-चलान किती थकलंय तेही नंबर टाकून बघता येतं. आणि आधीच्या मालकाचा ५० टक्के नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. विकणारा 'इन्शुरन्ससकट देतोय' म्हणाला तरी १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घेण्याचा अर्ज तुम्हीच करायचा. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर येतो, ओन डॅमेजचा भाग अर्ज केल्याशिवाय येत नाही. गाडी चोरीला गेल्यावर पॉलिसीवर दुसऱ्याचंच नाव निघालं, तर पोलिसांची एफआयआर घेऊन कुठे जाणार?

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहायला हवी. तुमच्यापैकी काहीजण अशी गाडी चालवता, जिच्या आरसीवरचं माणूस आता नाही. वडिलांची स्कूटर, आजोबांची मारुती. ते नाव बदलावंसं वाटत नाही, हे कुणीही समजू शकतं. नियम मात्र असा आहे की ३० दिवसांत आरटीओला मृत्यूची माहिती द्यायची आणि तीन महिन्यांच्या आत वारसाने नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. पॉलिसीही त्यांच्यानंतर जास्तीत जास्त तीन महिने, किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढंच चालते. त्यानंतर ती गाडी रस्त्यावर काढली की तुमच्यापाठी कुणीही नसतं. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. घरात आज सगळे बसलेले असताना हा विषय काढणं अवघड वाटेल, पण नंतर तो एकट्याने काढणं अधिक अवघड असतं.

या सगळ्यात कॉलेजांचा काही संबंध आहे का? आहे, असं आमचं म्हणणं आहे. बहुतेक कॉलेजं जून-जुलैमध्ये पार्किंगचे स्टिकर देतात. फॉर्म भरून घेतात, आरसीची झेरॉक्स लावायला सांगतात आणि फाईल कपाटात ठेवतात. गेटवर हेल्मेट नाही म्हणून मुलांना परत पाठवणारी कॉलेजंही आहेत, ते चांगलंच. पण त्याच मुलाच्या गाडीचा विमा दोन वर्षांपूर्वी संपलाय, हे कुणी बघत नाही. त्यासाठी ना समिती हवी ना निधी. स्टिकरच्या फॉर्मवर तीन रकाने वाढवायचे, आरसीवर नाव कुणाचं, त्यांच्याशी नातं काय, आणि विमा कोणत्या तारखेपर्यंत. ज्याचा तिसरा रकाना कोरा, त्याला स्टिकर पुढच्या आठवड्यात. एनएसएसच्या पोरांनी एक दिवस पार्किंगमध्ये टेबल टाकून एमपरिवहन ॲपवर नंबर तपासून दिले, तरी संध्याकाळपर्यंत निम्म्या घरांत फोन जातील, "बाबा, गाडीचा इन्शुरन्स कधी संपला हो?"